घरची कटिंग आणि डोक्यामागचा डाग

२०२० च्या एप्रिलमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे केस स्वतः कापले. हौस म्हणून नाही. सलूनं बंद होती आणि दवाखाना चालू होता. मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेल्या एसआरपीच्या जवानांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ लागले आणि आमचं हिंगोली शहर एकदम घट्ट बंद झालं. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. तोंडावर दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची ढाल, डोक्यावर टोपी आणि टोपीखाली दोन महिन्यांचं जंगल. मानेवर घामोळं उठलं होतं. पेशंटला 'केस बारीक ठेवा, डोकं कोरडं ठेवा' असं सांगणारा मी स्वतःच दिवसभर पेनाच्या टोकाने डोकं खाजवत बसायचो.

घरात दाढीसाठी घेतलेला ट्रिमर होता. बायकोने सरळ सांगितलं, "मी हात लावणार नाही. वाकडंतिकडं झालं तर लोक मला विचारतील." मग आठवीतल्या मुलाला आरसा धरायला उभं केलं, न्हाणीघरात जुने पेपर अंथरले आणि सुरुवात केली.

पुढची बाजू जमली. कानाच्या वरपर्यंतही ठीक होतं. मागे मात्र माणसाचा हात आणि मेंदू यांचं भांडण लागतं. समोर एक आरसा, मागे एक आरसा, त्यात दिसणाऱ्या डोक्याकडे बघून हात हलवायचा म्हणजे उलट्या बाजूने बैल हाकण्यासारखं आहे. तेवढ्यात ट्रिमरचं प्लास्टिकचं गार्ड निसटलं आणि डाव्या कानामागून वरपर्यंत, औताने काढावा तसा सरळ तास पडला. मुलगा हसून लोळायचा बाकी राहिला. आणि मग एकदम गप्प होऊन म्हणाला, "पप्पा, उजवीकडचं मी नाही केलं हां. इथं आधीपासूनच केस नाहीत."

उजव्या बाजूला, मागे, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा एक गुळगुळीत डाग आहे. चाळीस वर्षं तो केसांखाली झाकलेला होता. तो कसा पडला हे मुलाला सांगितलं. तेव्हापासून ही गोष्ट लिहायची होती, कारण तिच्यात तुमच्याही उपयोगाची थोडी वैद्यकीय माहिती आहे आणि माझ्या घराची एक चूकही आहे.

आमचं गाव औंढा नागनाथ तालुक्यातलं. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणीतच होतो. गावात सलून नव्हतं. म्हाली होते. पुण्या-मुंबईकडचे लोक न्हावी म्हणतात, आमच्याकडे म्हाली किंवा वारीक. आम्ही पोरं त्यांना म्हालीमामा म्हणायचो. दोन-तीन आठवड्यांनी ते सकाळी धोकटी घेऊन मारुतीच्या पारापाशी बसायचे आणि आम्हा भावंडांना आजी रांगेने तिथे पाठवायची. धोकटीतून एक-एक वस्तू निघायची: कात्री, फणी, वस्तरा, चामड्याचा पट्टा, हाताने दाबायचं मशीन, पितळी वाटी आणि कडेला पारा उडालेला आरसा. आरसा फक्त मोठ्यांना मिळायचा. पोरांनी बघायचं काय त्यात? सगळ्यांची कटिंग एकच.

मामा डोकं दोन गुडघ्यांत दाबून धरायचे. मान हलली की टपली. मशीनला धार कमी झाली असेल तर ते केस कापायचं कमी आणि उपटायचं जास्त. डोळ्यांतून पाणी यायचं, पण रडलं तर रांगेतले बाकीचे हसणार, म्हणून ओठ दाबून बसायचं. त्या पितळी वाटीतलं पाणी पहिल्या पोरापासून शेवटच्या पोरापर्यंत तेच. आज ते आठवलं की माझ्यातला डॉक्टर अजूनही दचकतो. कटिंग झाली की थेट घरात जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. मागच्या दाराने न्हाणीत, आणि माय वरून पाणी ओतायची. मंगळवारी नाही, शनिवारी नाही, अमावस्येला तर नाहीच.

पैसे कुणी देत नव्हतं. बलुतं होतं. सुगीत खळ्यावर ज्वारी मोजली की मामा पोतं घेऊन यायचे आणि वर्षाचं धान्य घेऊन जायचे. त्या धान्यात घरातल्या सगळ्या पुरुषांच्या दाढ्या-हजामती, पोरांचं जावळ, लग्नातली धावपळ, मयताच्या वेळची कामं, सगळं आलं.

मी तिसरीत होतो. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडली होती. एका कटिंगनंतर दोन-तीन आठवड्यांनी माझ्या डोक्याला मागे एक फोड आला. आधी नुसतं खाजायचं. मग ती जागा फुगली, मऊ झाली, आणि चाळणीतून पाणी यावं तसा बारीक-बारीक ठिकाणांहून पू येऊ लागला. तिथले केस नुसते बोटाने धरले की दुखल्याशिवाय हातात यायचे. मानेत अवधाण आलं, अंगात ताप. घरात आधी कडुलिंबाचा पाला उकळून झाला, मग चुना झाला, मग शेजारच्या एका जाणत्या माणसाने मोरचूद लावायला सांगितलं. मोरचूद लावल्यावर मी ओसरीतून गोठ्यापर्यंत ओरडत पळालो होतो, ते अजून आठवतं.

गोठ्यात पळालो, कारण तिथे माझं वासरू होतं. लाल रंगाचं, कपाळावर चांदवा असलेलं. मी शाळेतून आलो की त्याच्या गळ्यात पडायचो, त्याच्या मानेवर डोकं टेकून बसायचो. त्याच्या डोळ्यांभोवती आणि तोंडावर राखेच्या रंगाचे, खपली धरलेले गोल चट्टे होते. वासरांना थंडीत येतात तसे. त्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं.

आजीने निदान केलं: "म्हाल्याच्या मशीननं झालं." कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. कटिंग झाली आणि डोकं पिकलं, अजून काय पुरावा पाहिजे? शेवटी आबांनी मला एसटीने हिंगोलीला एका डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दुधासोबत घ्यायला सांगितल्या. दीड-दोन महिन्यांनी डोकं बरं झालं. ही जागा तेवढी कायमची टकली राहिली.

पण त्याआधीच सुगी आली होती. मी ज्वारीच्या राशीजवळ डोक्याला फडकं बांधून बसलो होतो. मामा पोतं घेऊन आले. आबा म्हणाले, "पोराचं डोकं बघ. आता आमच्याकडं येऊ नको." मामांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पोत्याची घडी केली आणि गेले. आमच्या भावकीतल्या दोन घरांनीही त्यांना बंद केलं. गावातली धान्य देऊ शकणारी घरं होती तरी किती? दोन वर्षांनी मामा बिऱ्हाड घेऊन वसमतला गेले.

त्यानंतर आमची कटिंग घरी सुरू झाली. आबांनी परभणीहून मशीन आणलं. आबा उत्तम शेतकरी होते, पण त्यांनी कापलेलं डोकं म्हणजे ढेकळं न फोडलेलं रान. एक बाजू वर, एक खाली, मध्ये पायऱ्या. शाळेत पोरांनी हसायला सुरुवात केली.

आमच्या वर्गात असं डोकं घेऊन येणारा आधीपासून एक जण होता. बौद्धवाड्यातला माझा मित्र. त्याचे केस त्याची मोठी बहीण घरातल्या कात्रीने कापायची. त्याच्या पायऱ्यांना आम्ही सगळे हसायचो, मीही हसायचो. माझं डोकं तसंच झाल्यावर त्याने मला विचारलं, "तुमच्याकडं तर म्हाली येतो ना? मग काऊन घरी कापलं?" मी त्याला कारण सांगितलं. म्हालीने रोग दिला म्हणून. त्याच्याकडे म्हाली का येत नाही हे विचारायचं मला सुचलं नाही. ते न विचारताच सगळ्यांना माहीत असायचं.

बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी मी फार उशिरा वाचल्या. साताऱ्यातल्या बालपणाबद्दल त्यांनी त्यात लिहिलं आहे की भावंडांचे केस मोठी बहीण कापायची, आणि त्यांच्या डोक्यांवर हात बसवून ती त्यात चांगली तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही आणि द्यायला पैसे नव्हते असंही नाही. न्हावी हात लावायला तयार नव्हते. हे वाचताना मला मित्राची बहीण आठवली. लॉकडाउनमध्ये आपण सगळ्यांनी घरच्या कटिंगचे फोटो एकमेकांना पाठवले, हसलो. आपल्यासाठी ती तीन महिन्यांची गंमत होती.

आता वैद्यकीय भाग.

एमबीबीएस करताना अंबाजोगाईला माझी त्वचारोग विभागात ड्यूटी होती. एक आई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. डोक्यावर फुगलेली मऊ गाठ, चाळणीसारखा पू, मानेत अवधाण. मी आत्मविश्वासाने म्हणालो, "गळू आहे सर, चिरा देऊन निचरा करावा लागेल." सरांनी माझ्याकडे न बघता त्या आईला एकच प्रश्न विचारला, "घरी वासरू आहे का?"

होतं. त्याच्या तोंडावर चट्टे होते. आणि मी तिथे उभ्या-उभ्या माझ्या डोक्यामागे हात नेला.

याला केरिऑन म्हणतात. हा डोक्यावरच्या नायट्याचाच, म्हणजे गजकर्णाचाच, एक चिडलेला प्रकार. नायटा ही बुरशी आहे. कातडी, केस आणि नखं ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाने बनतात, त्यावर ती जगते. तिच्या काही जाती माणसाकडून माणसाकडे जातात, काही जनावरांकडून येतात. गुरांच्या अंगावर राहणाऱ्या जातीचं नाव ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम. माणसात राहून सरावलेली बुरशी बहुधा गुपचूप पसरते: थोडा कोंडा, तुटलेले केस, खाज. गुरांची बुरशी माणसाच्या शरीराला परकी. तिच्याविरुद्ध शरीर एकदम जोरात लढतं, आणि सूज, पू, ताप हे सगळं त्या लढाईचं. त्या लढाईत केसांची मुळं मेली तर डाग कायमचा राहतो. म्हणून ते गळू समजून चिरायचं नसतं. त्याला बुरशीविरोधी गोळ्या लागतात, त्याही कित्येक आठवडे. नुसत्या मलमाचं काम नाही, कारण बुरशी केसाच्या मुळाशी असते आणि मलम तिथपर्यंत पोचत नाही. मला दुधासोबत दिलेलं औषध ग्रिसिओफुल्विन असणार. ते स्निग्ध पदार्थांबरोबर चांगलं शोषलं जातं. आजही ते वापरतात, शिवाय टर्बिनाफिनसारखी औषधं आली आहेत. या गोळ्या येण्याआधी डोक्यावरच्या नायट्यासाठी मुलांना क्ष-किरण देऊन केस गाळत. अनेक देशांत हजारो मुलांना ते दिले गेले, आणि त्यातल्या अनेकांना पुढे मेंदूच्या आवरणाच्या आणि थायरॉइडच्या गाठी झाल्याचं दिसून आलं. त्या मानाने मी थोडक्यात सुटलो.

तुम्ही म्हणाल, पण वासरूच कशावरून? मशीनही असू शकेल. रास्त शंका आहे. मशीन, फणी, टोपी, टॉवेल यांतून नायटा पसरतो, हे खरंच आहे. पण त्या हॉस्टेलच्या खोलीत रात्री मी केसपेपर लिहावा तसं सगळं आठवून बघितलं. त्या दिवशी पाराजवळ माझ्या पुढे-मागे पाच-सहा पोरं बसली होती, त्यातल्या एकालाही काही झालं नाही. माझ्या चुलत बहिणीला मात्र त्याच महिन्यात हाताच्या पुढच्या भागावर दोन गोल चट्टे उठले होते, कडेला फोड असलेले. ती कधी म्हालीच्या समोर बसली नव्हती. मुलींचे केस कापायचेच नाहीत. पण सकाळी गोठा झाडायची ती, आणि दूध काढताना वासरू धरून ठेवायचीही तीच.

सुट्टीत गावी गेल्यावर आबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता काय त्याचं. म्हाली तर गाव सोडून गेला." मीही तेवढ्यावर सोडलं. डॉक्टर झालो, लग्न झालं, दवाखाना काढला. वसमत हिंगोलीपासून किती लांब आहे? तासा-दीड तासाचा रस्ता.

माझ्याकडे आज जे पेशंट येतात त्यांच्यात डोक्याचा नायटा झालेली मुलं असतात, पण जास्त असतात ते अंगावर नायटा घेऊन आलेले मोठे लोक. आणि दहातल्या बहुतेकांनी मेडिकलवरून एक ट्यूब आणून सहा महिने चोळलेली असते. या ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात आणि त्यातलं एक तीव्र स्टेरॉइड असतं. ते लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. पण स्टेरॉइडने शरीराची लढाई थांबते, बुरशी नाही. ती आरामात पसरते. चट्ट्यांचा आकार बदलतो, कातडी पातळ होते, आणि मग साध्या औषधांनी तो नायटा हटत नाही. आजीच्या मोरचुदाने निदान मला पळवलं तरी. ही ट्यूब गोड बोलून घात करते. तेव्हा हात जोडून सांगतो: ट्यूबवरचं नाव वाचा, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नायट्यावर लावू नका. घरात वासराला चट्टे असतील तर पशुवैद्यकाला दाखवा, मुलांना त्याच्या गळ्यात पडू देऊ नका, गोठ्यातून आल्यावर हात साबणाने धुवा. वासराचे चट्टे काही महिन्यांत आपोआपही जातात, पण त्याची खपली आणि केस पडलेल्या जागी बुरशीचे बीजाणू महिनोन्महिने जिवंत राहतात.

मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला, खवल्यांचा चट्टा दिसला तर आधी डॉक्टर, मग कटिंग. आणि चमनगोटा करायची गरज नसते. पुष्कळ आया मुलाचं डोकं पूर्ण साफ करून आणतात, त्याने रोग जात नाही आणि मुलाला शाळेत नाव पडतं ते वेगळंच.

सलूनला जाणाऱ्यांनी घाबरावं असं यात काही नाही. वस्तऱ्याचं ब्लेड मात्र तुमच्या डोळ्यांसमोर नवीन लावून घ्या. लाजू नका. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या थेंबातही, निदान सात दिवस टिकतो. तुरटीने बारीक रक्त थांबतं, विषाणू मरत नाही. सगळ्यांच्या गालावरून फिरलेला तुरटीचा खडा आपल्याला नको. आणि मालिश करून झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची आपल्याकडे जी आवड आहे, ती सोडा. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतून जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते आणि तरुण माणसालाही लकवा मारू शकतो. क्वचित होतं. पण ज्याला झालं त्याला क्वचितचा काय उपयोग?

घरी कापणार असाल तर ट्रिमर वस्तऱ्यापेक्षा सुरक्षित. ते दर वेळी ब्रशने साफ करा, पात्याला स्पिरिट लावून वाळू द्या, तेलाचा थेंब सोडा. घरात प्रत्येकाचं डोकं वेगळं, पण पातं एकच, हे विसरू नका. एकाच्या डोक्यावर काही उठलेलं असेल तर त्याचा नंबर नंतर लावू नका, लावूच नका. गार्ड मोठ्या नंबरपासून सुरू करा. केस परत कापता येतात, परत चिकटवता येत नाहीत. ज्यांना शुगर आहे किंवा जे रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात त्यांनी मानेवर ब्लेड चालवू नये. कापलंच तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा, मधूनमधून उचलून बघू नका. बिघडलं तर धीर धरा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. माझा तास बुजायला बरोबर दीड महिना लागला.

एक नेहमीचा प्रश्न राहिला. वारंवार कापल्याने किंवा जावळ काढल्याने केस दाट येतात का? नाही. बाहेर दिसणारा केस मेलेला असतो, जिवंत भाग कातडीखाली असतो. वर काय कापलं याची खाली बातमी जात नाही. टोक बोथट झाल्यामुळे हाताला राठ लागतो, एवढंच. जावळ काढायचंच असेल तर बाळ मान धरून शांत बसेपर्यंत थांबा, आणि टाळू भरलेली नसताना वस्तरा लावू देऊ नका.

आता राहिलेलं सांगतो. त्या दिवशी न्हाणीघरात मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही त्यांना सांगितलं का?" मी म्हणालो, लॉकडाउन उठला की जाऊ. २८ जून २०२० ला राज्यात सलूनं उघडली, त्यातही फक्त कटिंगला परवानगी, दाढीला नाही. त्या काळात म्हालीच्या दुकानात गेलं की कोरोना होतो असं लोक सर्रास बोलायचे. माझ्या ओळखीच्या एका सलूनवाल्याने शेवटी भाजीचा गाडा लावला. मला हे दिसत होतं. तरी वसमतला जायला मला आणखी तीन वर्षं लागली.

नातवाचं दुकान आहे. तीन खुर्च्या, भिंतभर आरसा, बाकावर नंबर लावून बसलेली पोरं. मामा बाहेर स्टुलावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे असतील. हात थरथरतात.

"वळखलं का मामा?"

"आवाजावरून वळखलं. आबाचाच आवाज हाय."

मी सगळं सांगितलं. वासरू, अंबाजोगाई, सरांचा प्रश्न, बहिणीच्या हातावरचे चट्टे. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"वासराचं मला ठावं होतं," ते म्हणाले. "त्याच्या डोळ्याभवती राखेवानी चट्टे होते. म्या तुमच्या आजीला म्हणलं होतं, पोराला त्याच्या गळ्यात पडू देऊ नका. त्या म्हणल्या, तू डोई कर, गोठ्याचं आमी बघतो."

"मग खळ्यावर बोलला का नाहीत?"

"पोतं घेऊन उभा होतो न मी."

थोडा वेळ दोघंही रस्त्याकडे बघत बसलो. माझ्या मनात दुसरा प्रश्न होता. तो आज नाही विचारला तर कधीच विचारणार नाही असं वाटलं, म्हणून विचारला. "मामा, तुम्ही बौद्धवाड्यात कधी डोई करायला गेला नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गेलो असतो तर तुमच्या आबानं खळ्यावर तरी उभं केलं असतं का?" मग हातावरची तंबाखू झटकली. "माही बी चूकच म्हणा. पण एकट्याची नव्हती."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आबाही आता नाहीत. मी म्हणालो, "आमचं चुकलं मामा." ते "हूं" म्हणाले. माफ केलं की नाही, ते कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग त्यांनी मान वाकडी करून माझ्या डोक्याची मागची बाजू न्याहाळली.

"केस कोण कापतं?"

"मीच. घरी."

"दिसायलंय," ते म्हणाले, आणि नातवाला हाक मारली. "ये, यायले बसव खुर्चीवर. मागची वळ पार वाकडी झाली. नंबर असू दे, आधी याहीचं कर."

बाकावरच्या पोरांनी कुरकुर केली, पण मी बसलो. नातवाने नवीन टॉवेल काढला, मशीनचं पातं स्पिरिटने पुसलं. मी न सांगता. मामा काठी टेकत आत येऊन मागे उभे राहिले. मशीन उजव्या बाजूला आलं आणि थांबलं.

"डॉक्टरसाहेब, इथं काय झालं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "वासरू."